छोटी करवली

मंचर
११ ऑगस्ट २०२४

प्रिय भरत,

आशीर्वाद आहेतच, ते धरून चाल. फोनवर बोलायला गेलं की तुझ्यामागे ग्राइंडर ओरडत असतो आणि तू नुसता "हां ताई, हां ताई" करतोस. तुला काय ऐकू आलं आणि काय नाही ते मला कळत नाही. म्हणून हे पत्र. पिकअपवाला चिमाजी उद्या कांदे घेऊन आळेफाट्याला येतोय, त्याच्या हाती देते.

टेबल पोचलं. तुझ्या दाजींनी उतरवताना चारी बाजूंनी हलवून बघितलं आणि म्हणाले, "मेव्हण्यानं पोरीसाठी बनावलंय का ट्रॅक्टर चढवायला?" कोपरे मात्र छान घासलेस. हात फिरवला तर कुठे टोचत नाही. पायांना रबर लावायचं तुला सुचलं, ते मला सुचलं नसतं.

आता श्रेयाचं. पावणेदोन वर्षं झाली, अजून धरल्याशिवाय उभी राहत नाही. फिजिओ मॅडम म्हणाल्या, डाउन सिंड्रोमच्या मुलांचे सांधे सैल असतात आणि स्नायू मऊ. उभं राहणं तिच्या अंगाला आपोआप यायचं नाही, ते शिकवावं लागेल. टेबल छातीला लागेल एवढंच हवं होतं, तेवढंच झालंय. पोट टेकून लोंबकळता येत नाही, त्यामुळे बाईसाहेब पहिल्या दिवशी माझ्यावर चिडल्या. तिचे हात धरून ओढायचे नाहीत, कमरेला धरायचं. आणि मॅडमनी सगळ्यात बजावून सांगितलंय ते म्हणजे कडेवर घेणं बंद करा. आमच्या घरात ते कोणाला सांगायचं? दिसली की उचल, रडली की उचल, सासूबाईंच्या तर कमरेची आणि श्रेयाची सोयरीकच झालेली आहे.

टेबलाचं माप घ्यायला आला होतास तेव्हा काय बोलून गेलास, ते मी विसरलेली नाही. तुझ्या लग्नात मोठी करवली मी आणि छोटी करवली श्रेया. हातात छोटासा कऱ्हा घेऊन तुझ्यामागे उभी राहणार. मंगलाष्टकं संपेपर्यंत उभं राहायचं म्हणजे तुलासुद्धा जड जाईल, पण बोललास ना, मग पाळ.

तुझी ताई


आळेफाटा
२९ ऑगस्ट २०२४

ताई,

शिरसाष्टांग नमस्कार, दाजींना रामराम. ट्रॅक्टर चढवायचा असेल तर चढवून बघा म्हणावं, टेबल वाकलं तर दुकान बंद करीन.

तुला न विचारता एक केलंय. मॅडमना मीच फोन लावला. म्हणलं, मी मामा बोलतोय, वेल्डिंगचं दुकान आहे, आणखी काय बनवून देऊ ते सांगा. त्या हसल्या आणि म्हणाल्या, बुटका स्टूल बनवा. त्याच्यावर बसल्यावर तिचे तळवे पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत आणि गुडघे सरळ काटकोनात आले पाहिजेत. मग खेळणं थोडं वर धरायचं, म्हणजे ती पायांवर जोर देऊन उठते. उठली की परत बसवायची. असं दिवसभर, खेळता खेळता. तो स्टूल याच पिकअपमध्ये आहे. सांगून ठेवतो, त्याच्यावर तुझ्या सासूबाईंनी बसून भाजी निवडायची नाही.

ती पाय फाकवून उभी राहते, त्याचंही विचारलं. म्हणाल्या, तोल राहत नाही म्हणून ती पाया रुंद करते, आपण ट्रॉलीची चाकं रुंद ठेवतो तसं. हे मला लगेच कळलं. जसजसा जोर येईल तसे पाय जवळ येतील. तू घाई करू नको आणि कडेवर घेऊ नको. आईलापण सांगून ठेवलंय, मंचरला गेलीस आणि पोरीला उचललंस तर माझ्याशी गाठ आहे. आई म्हणाली, "मंग नातीला काय लांबनं नमस्कार करू का?"

इकडे स्थळं यायला लागलीत. ओतूरचं एक आहे, मुलगी बी. कॉम. झालीय, नाव प्रतिभा. आण्णांना घाई सुटलीय. मी सांगितलं, माझी भाची उभी राहिल्याशिवाय मी बोहल्यावर उभा राहायचा नाही. आण्णा म्हणाले, "मंग राहा तसाच."

तुझा
भरत


मंचर
२० ऑक्टोबर २०२४

प्रिय भरत,

सासूबाई स्टुलावर बसल्या. मोडला नाही, एवढं तुला कळवते.

श्रेया आता टेबलाला एका हाताने धरून उभी राहते. दुसऱ्या हाताने मी ठेवलेल्या वाट्या एकेक करून खाली फेकते. मॅडमना हेच हवं होतं. वाटी कधी डावीकडे ठेवायची, कधी उजवीकडे, म्हणजे तिला अंगाचा भार या पायावरून त्या पायावर न्यावा लागतो. घरात दिवसभर वाट्या पडत असतात. शेजारच्या वहिनी परवा येऊन म्हणाल्या, "भांडाण चालूय का वो तुमच्यात?"

मधे एकदा पडली, हनुवटीला लागलं. मी उचलायला धावले तर ती आधीच टेबलाचा पाय धरून उठत होती. मला तेव्हा तुझी फार आठवण झाली.

तिच्या हृदयाला जन्मापासून होतं ते छिद्र बुजलं, असं पुण्याचे डॉक्टर म्हणाले. अंग मात्र धरत नाही. अजून वर्षाच्या मुलांचेच कपडे बसतात. लोक विचारतात, मी वय सांगते, मग लोक म्हणतात, उशिरा का होईना, होईल. या "उशिरा"ची मला आता सवय झालीय. दात उशिरा, बसणं उशिरा, रांगणं उशिरा.

ओतूरचं कुठवर आलं? प्रतिभाला श्रेयाबद्दल सांगितलंस ना? पहिल्याच भेटीत सांग. मुलगी शहाणी असेल तर विचारेल, समजून घेईल. नसेल तर तेही आधीच कळेल. दिवाळीनंतर श्रेयाचा वाढदिवस आहे, त्या दिवशी दुकानाला कुलूप लाव.

तुझी ताई


आळेफाटा
१७ नोव्हेंबर २०२४

ताई,

वाढदिवसाला येता आलं नाही. ट्रॉल्यांची कामं अंगावर आलीत. फ्रॉक पाठवलाय, आईनं घेतलाय.

एक काम होतं. माझा मोबाइल बिघडला, त्यात श्रेयाचे सगळे फोटो गेले. ती वर्षाची असताना उशीला टेकून बसली होती आणि हसत होती, तो फोटो आहे ना, तो छापून पाठव. पाकिटात ठेवीन म्हणतो.

आणि तिचे फोटो स्टेटसला टाकत जाऊ नको. उभी राहतानाचे तर नकोच. उगीच कोणाची नजर लागते. इतकं कष्टानं होतंय, ते आपल्यातच राहू दे.

ओतूरचं चाललंय, भेटल्यावर बोलू.

भरत


मंचर
१४ जानेवारी २०२५

प्रिय भरत,

तिळगूळ घे आणि हे पत्र बसून वाच.

श्रेया उभी राहिली. कशालाही न धरता.

काल आम्ही अंगणात कांदा निवडत होतो. ती क्रेटला धरून उभी होती आणि मला मदत करत होती, म्हणजे निवडलेला कांदा परत ढिगात टाकत होती. मी वैतागून एक कांदा तिच्या एका हातात दिला. तिला दुसराही हवा होता. क्रेट सोडून तिने दुसरा हात पुढे केला, मी त्यात कांदा ठेवला, आणि मग माझ्या लक्षात आलं की हिचे दोन्ही हात भरलेत आणि हिला कोणी धरलेलं नाही. तिच्या ते लक्षातच नव्हतं. पोट पुढे, पाय फाकवलेले, थोडी डोलत होती, पण उभी होती. मी कांदा निवडायची थांबले. तुझ्या दाजींनी बघितलं आणि तेही जागच्या जागी थांबले. मग ती स्वतःच खाली बसली आणि कांदा चावायला लागली. सासूबाई रडल्या. दाजी गोठ्याकडे गेले ते बराच वेळ आले नाहीत.

मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या, आता रोज हातात काहीतरी द्या आणि उभी करा, वेळ आपोआप वाढेल. म्हणजे आता कऱ्ह्याची वेळ आली. तू ओतूरच्या बाजारातून एक छोटासा घेऊन ठेव. पितळी नको, जड होईल.

फोटो छापून पाठवतेय. तू पाकिटात ठेवणार म्हणालास, ते वाचून दाजींना मी दोनदा सांगितलं. स्टेटसचंही तुझं ऐकलं. उभी राहिलेली ती अजून आमच्या घराबाहेर कोणी बघितलेली नाही. पहिला तू बघ. कधी येतोस?

तुझी ताई


आळेफाटा
९ मार्च २०२५

ताई,

तू फोन करतेस आणि मी उचलत नाही, त्यामुळे तू रागावली असशील. हे फोनवर बोलायचं धाडस होत नाही.

प्रतिभाशी साखरपुडा झाला. फेब्रुवारीतच. घरातल्या घरात केला, तुला बोलावलं नाही. लग्न २० एप्रिलला ओतूरच्या कार्यालयात आहे.

काय झालं ते सांगतो. पहिल्या बैठकीत तिच्या मामांनी विचारलं, बहिणीला मूलबाळ काय? आई म्हणाली, मुलगी आहे. केवढी? आई बोलून गेली, "वर्षाची हाये." मी समोर बसलो होतो. आईनं माझ्याकडं बघितलं, मी मान खाली घातली. नंतर त्यांनी फोटो मागितला, म्हणून तुझ्याकडून तो मागवला. माझा मोबाइल बिघडला नव्हता.

तू म्हणशील, खरं सांगायचं. ताई, लोक पहिलं विचारतात की हे घराण्यात आहे का, पुढं मुलांना होईल का. मॅडमनी तुला समजावलंय तसं त्यांना कोण समजावणार? एक स्थळ याच्यावरून आधीच मोडलं, ते तुला कळवलं नव्हतं. प्रतिभाला यातलं काही माहीत नाही. लग्न झालं की मी स्वतः तिला सगळं सांगीन, शब्द देतो.

तू नक्की ये. एवढंच कर, श्रेयाला टोपडं घाल आणि कडेवरच ठेव, खाली ठेवू नको. खाली ठेवली की ती पाय फाकवून उभी राहते, चेहरा नीट दिसतो, बघणाऱ्याच्या लक्षात येतं. एका दिवसाचा प्रश्न आहे. छोटी करवली म्हणून चुलत्यांची समीक्षा उभी राहील.

माफ कर.

भरत


मंचर
१३ मार्च २०२५

भरत,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, दुसऱ्या कोणी तुझ्या नावाने लिहिलंय.

आईचं मी समजू शकते. आईला आयुष्यभर लोक काय म्हणतील याची धास्ती. पण तू? तू तिच्या टाचेपासून छातीपर्यंत टेप लावून माप घेतलंस. तू मॅडमना फोन केलास. कडेवर घेऊ नको म्हणून तू आईला दम दिलास, आणि आता तूच मला लिहितोस, कडेवरच ठेव. लिहिताना हात थांबला नाही का रे तुझा?

त्या फोटोचा मला सगळ्यात राग येतो. मी तो मंचरच्या स्टुडिओत जाऊन चांगल्या कागदावर छापून घेतला होता. मामाला पाकिटात ठेवायचाय, असं मी स्टुडिओवाल्यालासुद्धा सांगितलं. आणि तू तो पाव्हण्यांच्या चहाच्या ट्रेपाशी फिरवलास. नजर लागेल म्हणालास आणि मी वेडी तुझ्या मायेने पाघळले. तिचं उभं राहणं मी दोन महिने झाकून ठेवलं, तुझ्यासाठी राखून ठेवलं, आणि तुला ते कोणी बघू नये एवढंच हवं होतं.

साखरपुड्याला एकुलत्या बहिणीला बोलावलं नाही, हे मी गिळीन. माझ्या मुलीच्या आयुष्यातलं दीड वर्ष तुम्ही पुसून टाकलंत, ते गिळणार नाही. ते दीड वर्ष कसं गेलं हे तुला माहीत आहे. दवाखाने, स्टूल, वाट्या, तिची फुटलेली हनुवटी. तेच नेमकं खोटं ठरवलंत.

तुझं स्थळ मोडावं असं मला वाटत नाही. पण प्रतिभा फसवली जातेय, आणि ज्या मुलीच्या नावाने फसवली जातेय ती माझी आहे. मी आजच तिला पत्र लिहिलंय. श्रेयाचं खरं वय, तिला काय आहे, ती काय करू शकते, आणि हे घराण्याचं नाही असं डॉक्टरांनी तपासून सांगितलंय, ते सगळं. तिच्याच हातात पडेल अशी व्यवस्था केलीय. मग ती ठरवेल.

वृषालीताई


ओतूर
२ एप्रिल २०२५

आदरणीय ताई,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावं ते ठरत नव्हतं.

मला हे सगळं माहीत आहे, ताई. फोटो बघितला तेव्हाच शंका आली होती. माझी मैत्रीण अशा मुलांच्या शाळेत शिकवते. साखरपुड्याआधीच मी यांना विचारलं आणि त्यांनी सगळं खरं सांगितलं. श्रेयाबद्दल बोलताना ते रडले. मला त्यांचा तो स्वभाव आवडला म्हणूनच मी होकार दिला. मॅडमशीही मी फोनवर बोलले, माझ्या मनात आता काही शंका नाही.

तुम्हाला मात्र त्यांनी मला काही माहीत नसल्याचं लिहिलं, ते चुकलंच. त्यांना वाटलं असेल, मला माहीत आहे म्हटल्यावर तुम्ही म्हणाल, मग बाकीच्यांपासून तरी कशाला लपवायचं.

माझ्या घरचं वेगळं आहे. माझ्या वडिलांना आणि आत्याला कळलं तर ते लग्न मोडतील. मला हे लग्न मोडायचं नाही. म्हणून आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, जे सांगितलंय तेच राहू द्यायचं. तुमचं पत्र मी फाडून टाकलं, कोणाच्या हाती लागायला नको म्हणून. राग मानू नका.

श्रेया माझीही आहे. मी मंचरला येईन, तिच्याशी खेळेन. पण त्या दिवशी आमच्या पाव्हण्यांसमोर ती वर्षाचीच असू द्या. एवढी विनंती मान्य करा.

तुमची
प्रतिभा


मंचर
२४ एप्रिल २०२५

भरत,

लग्न छान झालं. जेवण चांगलं होतं. हे लिहिलं म्हणजे रीत पूर्ण झाली.

मी येणार नव्हते. दाजींनी तर सांगून टाकलं होतं, "माझी पोर झाकून न्यायाची आसंल तर मी यायचो न्हाई," आणि ते आले नाहीत. पण आई आठवडाभर आधी इथे येऊन बसली. एकुलत्या बहिणीशिवाय हळद कशी लावू म्हणून रडली. मी आले. येताना मनाशी पक्कं केलं होतं, स्वतःहून बोलणार नाही, पण कोणी विचारलं तर खरं वय सांगणार.

प्रतिभाच्या आत्या माझ्या शेजारीच बसल्या होत्या. मायाळू बाई आहेत. श्रेयाच्या गालाला हात लावून त्यांनी विचारलं, "केवढी वो?" मी तोंड उघडलं. समोर आई बघत होती, अक्षता वाटायचं थांबवून, ताट हातात तसंच धरून. मी म्हणाले, वर्षाची.

तुझ्यावर ओरडायचा जो काही अधिकार माझ्याकडे होता, तो तिथेच संपला.

मंगलाष्टकं सुरू झाली. श्रेयाला गाणं आवडतं हे तुला माहीत आहे. ती कडेवरून खाली यायला धडपडू लागली, पाय ताणू लागली. आम्हीच शिकवलंय तिला, उभं राहायचं म्हणजे काहीतरी चांगलं होतं, सगळे हसतात, टाळ्या वाजवतात. घामाने टोपडं ओलं झालं होतं, ते तिने ओढून काढलं. मी तिला घट्ट धरून ठेवलं, ती रडायला लागली, लोक वळून बघायला लागले. माझे हात दुखून आले आणि ती घसरली. मी नाही ठेवली, ती घसरली.

आणि ती उभी राहिली. खुर्च्यांच्या मधल्या वाटेत, कशालाही न धरता. आता पाय पूर्वीइतके फाकत नाहीत. अंतरपाट निघाला तेव्हा तू इकडे बघितलंस. तिने तुला ओळखलं. दोन्ही हात वर करून ती तुला "मा, मा" करत होती, आणि हात वर असतानाही पडली नाही. इतका वेळ ती आधी कधीच उभी राहिली नव्हती. तू बघितलंस. मी तुझ्याकडेच बघत होते, त्यामुळे बघितलं नाही असं म्हणू नकोस. मग फोटोग्राफरने हाक मारली आणि तू मान वळवलीस. समीक्षा तुझ्यामागे कऱ्हा घेऊन उभी होती, तिने मात्र श्रेयाला हात केला.

मी तिला उचलणार तेवढ्यात आत्याबाई कौतुकाने म्हणाल्या, "अगं बया, वर्षाची आन् हात न धरता हुबी? आमची नातवंडं दीड वर्षाची झाली तरी भिंतीला धरून व्हती. लई लवकर वो." आजूबाजूच्या बायका जमल्या. एकीने तिची दृष्ट काढली. आई पुढे होऊन म्हणाली, "व्हय, आमची पयल्यापास्नं चपळच हाये." आणि सगळ्यांनी श्रेयासाठी टाळ्या वाजवल्या. तीही वाजवत होती.

मी तिला घेतलं आणि बाहेर एसटीची वाट बघत उभी राहिले.

प्रतिभाला घेऊन तू मंचरला येणार आहेस, असं आई म्हणाली. येऊ नकोस. राग उतरला की मी कळवीन. कधी उतरेल ते मला माहीत नाही. श्रेया जन्मली तेव्हापासून तिच्या प्रत्येक गोष्टीला लोक "उशिरा" म्हणत आले, आणि मी ते ऐकून घेत आले. त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी "लवकर" म्हणालं, भर मांडवात, टाळ्या वाजवून, आणि ते माझ्या मुलीबद्दल नव्हतं.

वृषाली